लिसनिंगच्या परीक्षेत फोन नंबर कसा पकडायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी

खानापूरहून रोज बसने टिळकवाडीला शिकायला येणारी एक विद्यार्थिनी होती. नर्सिंग झालेलं, वाचन उत्तम, लिहिणंही नेटकं. आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा; तिच्या लिसनिंगच्या, म्हणजे ऐकून लिहायच्या भागाच्या पहिल्याच सराव चाचणीत फोन नंबर लिहायचा प्रश्न आला. नंबर अकरा आकडी होता, तिच्या कागदावर आठच आकडे. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, आकडे बरोबर लिहीत होते की. मध्येच तो माणूस 'ओ, ओ' करायला लागला, कुणाला तरी हाक मारतोय वाटलं."

तिचं उत्तर मी कधी विसरलो नाही. आपल्या कानाला 'ओ' म्हणजे हाकच. ओ मावशी, ओ कंडक्टर, ओ दादा जरा सरका की. जन्मापासून ऐकलेला हा आवाज आकडा आहे, हे कानाला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून कान तो बाजूला टाकतो आणि उत्तरातले सगळे शून्य गायब होतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून नंबर चुकतो असं मुलं धरून बसतात, तसं फार कमी वेळा असतं. बहुतेकदा आड येते ती आपल्या कानाची आणि हाताची सवय. सवय बदलता येते आणि त्याला महिनाभर पुरतो.

आधी परीक्षेबद्दल थोडक्यात. आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये चार भाग आणि ४० प्रश्न असतात. ऐकणं साधारण ३० मिनिटांचं, आणि प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. पहिला भाग म्हणजे दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं: कुणीतरी खोली भाड्याने घेतोय, कुणी क्लासला नाव घालतोय, कुणी हरवलेल्या बॅगेची चौकशी करतोय. समोर एक अर्धवट भरलेला फॉर्म असतो आणि नाव, पत्ता, तारीख, रक्कम, फोन नंबर अशा रिकाम्या जागा आपण भरायच्या असतात. एका जागेला एक गुण. साधारण २३ बरोबर आले तर ६ बँड (बँड म्हणजे निकालाची श्रेणी), २६ ला साडेसहा, ३० ला ७. म्हणजे अर्ध्या बँडचं अंतर तीन-चार प्रश्नांचं. फोन नंबरचा गुण हा मेहनतीने हमखास मिळणारा गुण आहे, तो सोडायचा नाही. केंब्रिजच्या 'ए-टू की' या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेतही अशीच जागा भरायची असते, पण तिथे रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात. एकदाच ऐकायची सवय केली तर दोन्हीकडे चालतं.

पहिली पायरी: शून्याची नावं कानात बसवा

इंग्रजीत शून्याला आकड्यागणिक वेगळं नाव नाही, बोलणाऱ्यागणिक आहे. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन माणूस फोन नंबर सांगताना बरेचदा 'ओ' म्हणतो. अमेरिकन, कॅनेडियन माणूस जास्त करून 'झिरो' म्हणतो. 'नॉट' (nought) हा शब्द ब्रिटिशांच्या तोंडी दशांशात जास्त येतो, नंबरात क्वचित. पण ऐकला तर गडबडू नका, तोही शून्यच.

'ओ' एकटा आला तर एक वेळ कळतो. तो दुसऱ्या आकड्याला चिकटतो तेव्हा खरी अडचण होते. 'एट ओ' हे 'एटो' असं एका दमात येतं. 'टू ओ' म्हणताना मध्ये एक हलका 'व' घुसतो, 'टूवो'. 'थ्री ओ'मध्ये 'य' येतो, 'थ्रीयो'. हे तीन तुकडे स्वतःच्या तोंडाने पन्नासदा म्हणा. जे तोंडातून निघालंय ते कान ओळखतो. मी मुलांना आठवडाभर एकच काम देतो: घरातल्या प्रत्येकाचा नंबर मोठ्याने म्हणायचा, पण झिरोच्या जागी ओ म्हणायचं. सुरुवातीला जीभ अडते. चौथ्या-पाचव्या दिवशी अडत नाही.

दुसरी पायरी: डबल आणि ट्रिपल

यात आपण खरं तर पुढे आहोत. आपल्याकडे 'डबल एट', 'ट्रिपल नाईन' रोज बोलतात, खडेबाजारातल्या दुकानातही नंबर असाच सांगतात. अमेरिकन माणूस मात्र सहसा 'डबल' म्हणत नाही, तो 'एट एट' म्हणतो. ब्रिटिश 'ट्रिपल'ला कधी 'ट्रेबल'ही म्हणतात.

चूक होते ती हाताची. 'डबल' कानावर आला की मूल थांबतं, 'आता काय येणार' म्हणून वाट बघतं, आकडा आला की तो एकदाच लिहितं आणि पुढं जातं. उपाय असा: 'डबल' ऐकल्याबरोबर कागदावर दोन बारीक टिंबं द्या, 'ट्रिपल'ला तीन. आकडा आला की त्या टिंबांवर लिहा. टिंब मोकळं राहिलं तर चूक डोळ्यांना दिसते. सराव झाला की टिंबांची गरज आपोआप संपते. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर टिंबांऐवजी कीबोर्डवर तीच कळ दोनदा दाबायची सवय लावून घ्या.

आणखी एक बारकावा. 'टू डबल टू' म्हणजे २२२. कान 'टू' आणि 'डबल टू' यांची गल्लत करून २२ वर थांबतो. असे नंबर मुद्दाम सरावात घ्या.

तिसरी पायरी: गट कुठे तुटतो ते ओळखा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण अर्ध्याहून अधिक चुका इथे होतात.

आपण दहा आकडी मोबाईल नंबर बहुधा पाच-पाच करून सांगतो. पाच आकडे, जरा दम, परत पाच. आपला कान पाचाची वाट बघायला शिकलेला असतो. परदेशी नंबर तसे तुटत नाहीत. ब्रिटनचा मोबाईल ०७ ने सुरू होतो, एकूण अकरा आकडे, आणि तो पाच-तीन-तीन असा म्हणतात. लंडनचा जुन्या पद्धतीचा लाईनीचा फोन ०२० ने सुरू होतो: तीन-चार-चार. ऑस्ट्रेलियाचा मोबाईल ०४ ने, दहा आकडे, चार-तीन-तीन. अमेरिका आणि कॅनडाचा नंबर तीन-तीन-चार. परीक्षेतला संवाद कुठे घडतोय हे सुरुवातीच्या दोन वाक्यांत कळतं. ते कळलं की किती आकडे येणार याचा अंदाज बांधता येतो.

हा नंबर जवळून बघू: ०७७०० ९०० ०८८. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था काही नंबर नाटक-सिनेमांसाठी राखून ठेवते, ते कुणाच्याच घरी वाजत नाहीत. हा त्यातलाच, म्हणून सरावाला निर्धास्त वापरता येतो. बोलणारा तो असा म्हणेल: 'ओ डबल सेव्हन डबल ओ, नाईन डबल ओ, ओ डबल एट.' आता मधला भाग बघा. नवानंतर सलग तीन शून्य आहेत, पण तो 'ट्रिपल ओ' म्हणत नाही. का? कारण गट मध्येच तुटतो. दोन शून्य अलीकडच्या गटात गेले, एक पलीकडच्या. ऐकणाऱ्याला 'डबल ओ' आणि लगेच 'ओ' असं येतं. नवखा कान दुसरा ओ पहिल्याचाच पुनरुच्चार समजून गाळतो आणि नंबर दहा आकडी होतो. डबल आणि ट्रिपल गटाची वेस ओलांडत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की असे नंबर सुटतात.

गट संपला हे आवाजाच्या चढ-उतारावरून कळतं. मधल्या गटांच्या शेवटी आवाज वर टांगलेला राहतो, जणू अजून काही यायचंय. शेवटच्या गटाला तो खाली उतरतो. आपल्याकडे कंडक्टर "पिरनवाडी... देसूर... खानापूर" म्हणताना शेवटच्या नावावर आवाज कसा टाकतो ते आठवा. अगदी तसंच. आवाज उतरला म्हणजे नंबर संपला, आता पुढचा प्रश्न वाचायचा. आवाज वरच राहिला असेल आणि पेन उचललं असेल, तर एक गट हातचा गेला.

चौथी पायरी: उच्चार

आपण 'फोर' म्हणताना र स्पष्ट वाजवतो. ब्रिटिश माणूस र गिळतो, 'फोऽ' असं काहीसं ऐकू येतं. 'ओ'च्या शेजारी हा 'फोऽ' आला की दोन्ही सारखे वाटतात. फरक सुरुवातीच्या फ मध्ये आहे, तिथे कान लावा. 'फाईव्ह' आणि 'नाईन' यांत मधला स्वर एकच, त्यामुळे आवाज खराब असेल तर गोंधळ होतो. सुरुवातीचं अक्षर सुटलं तर शेवट पकडा: व की न. ऑस्ट्रेलियन 'एट' आपल्या कानाला 'आईट'कडे झुकलेला वाटतो. न्यूझीलंडचा माणूस 'सिक्स' म्हणाला तर तो 'सक्स'सारखा वाटेल, तो ६ च. अमेरिकन 'थर्टी'तला ट मऊ होऊन 'थर्डी' होतो, 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं.

थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी, हा जुना घोळ. शेवटचा न ऐकायला धडपडू नका, तो घाईत बुडतो. जोर कुठे आहे ते ऐका. १३ मध्ये दुसरा तुकडा लांब आणि ठाशीव असतो, ३० मध्ये पहिला. फोन नंबरात हे कमी येतं, पण त्याच फॉर्मवर घर क्रमांक आणि पैसे असतात, तिथे हटकून येतं.

पाचवी पायरी: मनातल्या मनात मराठी करू नका, आणि कन्नड वापरा

'नाईन' ऐकलं, मनात 'नऊ' म्हटलं, मग हाताने लिहिलं. हे अर्ध्या सेकंदाचं काम असलं तरी तेवढ्यात पुढचा आकडा येऊन गेलेला असतो. ओठ हलत असतील तर समजा की भाषांतर चालू आहे. सराव करताना मी मुलांना जीभ टाळूला लावून बसायला सांगतो. जीभ जागेवर राहिली की ओठ हलत नाहीत आणि आकडा कानातून सरळ हातात उतरतो.

आकडे सुटे येतात तोवर एवढं पुरतं. जोडीने आले की दुसरी अडचण उभी राहते. अमेरिकेत, कॅनडात शेवटचे चार आकडे कधी कधी 'फोर्टी-फाईव्ह, सेव्हंटी-टू' असे जोडीने सांगतात. मराठीत पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतो, मग चाळीस. बहात्तरमध्ये आधी दोन. इंग्रजीत उलट. मनात मराठी आली की हात आधी ५ लिहितो आणि ४५ चे ५४ होतात. एकोणपन्नासचं तर विचारूच नका. 'फोर्टी-नाईन' ऐकून मनात एकोणपन्नास म्हटलं की हात पन्नासकडे ओढला जातो आणि ५९ लिहिणारी मुलं मी बघितली आहेत. हुशार मुलं.

पण आपल्या भागातल्या मुलांकडे एक चावी आहे, जी पुण्या-सातारच्या मुलाकडे नाही. आपल्याला कन्नड येतं. कन्नडमध्ये ४५ म्हणजे नलवत्तैदु: आधी नलवत्तु, चाळीस, मग ऐदु, पाच. २५ म्हणजे इप्पत्तैदु. ४९ म्हणजे नलवत्तोंबत्तु, आधी चाळीस, मग नऊ; तिथे एकोणपन्नासासारखी वजाबाकी नाही. क्रम अगदी इंग्रजीसारखा. बाजारात भाजीवाल्या अज्जीने "इप्पत्तैदु रुपाई" म्हटलं की आपण वीस आणि वर पाच काढतोच की. इंग्रजी जोडी ऐकताना डोक्यातलं तेच दार उघडा. ज्यांच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत दोन्ही, त्यांना ही युक्ती एका दिवसात लागू पडते. दोन भाषांमध्ये वाढल्याचा हा उघड फायदा आहे, तो घ्या.

लिहिताना

या लेखात आकडे देवनागरीत छापलेत, परीक्षेत मात्र इंग्रजी अंकच लिहायचे. ज्यांनी लहानपणी देवनागरी अंक गिरवले आहेत, त्यांच्या हातून घाईत देवनागरी वळण येतं. देवनागरी एक इंग्रजी नवासारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठासारखा. तपासणाऱ्याला संशय येईल असा आकडा म्हणजे गेलेला गुण. कागदावर परीक्षा देणार असाल तर रोज एक ओळ फक्त १, ४, ८ आणि ९ इंग्रजीत लिहून काढा.

'एक शब्द आणि/किंवा एक संख्या' अशी सूचना असते तेव्हा अख्खा फोन नंबर एकच संख्या धरला जातो. आकड्यांत लिहा, अक्षरांत नको. मधली मोकळी जागा ठेवली काय, न ठेवली काय, फरक पडत नाही.

सापळा: आधी चुकीचं, मग बरोबर

पहिल्या भागात बोलणारा स्वतःला दुरुस्त करतो. 'फोर सिक्स टू... नो, सॉरी, फोर सिक्स सेव्हन.' किंवा समोरचा नंबर परत म्हणतो आणि त्यात एक आकडा चुकवतो, मग पहिला म्हणतो, 'नो, इट्स डबल थ्री अ‍ॅट द एंड.' किंवा आधी ऑफिसचा नंबर सांगतो आणि नंतर म्हणतो, 'मोबाईलवरच करा, ते बरं.' फॉर्मवर 'मोबाईल' लिहिलेलं असेल तर पहिला नंबर आपला नाहीच. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी फॉर्म वाचायला जो वेळ मिळतो, त्यात त्या जागेशेजारचा शब्द नीट बघा. 'सॉरी', 'अ‍ॅक्च्युअली', 'नो' यातलं काही कानावर पडलं की आधीचं खोडायची तयारी ठेवा. खोडायचं म्हणजे एक आडवी रेघ आणि वर नवा आकडा, गिरगटून नाही.

आणि नंबर सुटलाच तर सुटू द्या. जेवढे आकडे मिळाले तेवढे लिहून पुढच्या प्रश्नावर या. मागच्या दोन आकड्यांत अडकून पुढचे दोन प्रश्न घालवणारी मुलं मी फार बघितली. त्यांना ओरडावंसं वाटत नाही, वाईट वाटतं.

सराव कुठे करायचा

पैसे लागत नाहीत. बेळगावचा पिनकोड घ्या, ५९०००१. एकदा म्हणा 'फाईव्ह नाईन, ट्रिपल ओ, वन', मग गट बदलून म्हणा 'फाईव्ह नाईन ओ, डबल ओ वन'. आकडे तेच, ऐकायला दोन वेगळे नंबर. खानापूरचा ५९१३०२, निपाणीचा ५९१२३७, बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, सगळे असे फिरवून बघा. टिळकवाडीत रेल्वे फाटक पडलं की समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचा: केए २२, केए २३, कोल्हापूरकडची एमएच ०९. दोघं असाल तर एकाने पाटी इंग्रजीत म्हणायची, दुसऱ्याने न बघता लिहायची. अक्षरांचा सरावही त्यात होतो आणि नावाचं स्पेलिंग सांगतात त्या प्रश्नाला तो उपयोगी पडतो.

बेळगाव स्टेशनवर उद्घोषणा ऐका. गोवा एक्सप्रेसचा १२७७९, राणी चन्नम्माचा १६५८९, सगळे आकडे सुटे सुटे सांगतात. ते ऐकून मनात ब्रिटिश पद्धतीने बदला: 'वन टू डबल सेव्हन नाईन'. घरी फोनवरच्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीत ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन आवाज निवडा. आकडे सुटे सुटे, मध्ये जागा सोडून टाका, नाहीतर तो आवाज नंबराऐवजी लाख-कोटींतली रक्कम वाचतो. आयईएलटीएस चालवणाऱ्या ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट सराव चाचण्या आहेत. त्यांतला पहिला भाग रोज एक, एकदाच वाजवून सोडवा. थांबवून परत ऐकायचं ते तपासताना.

रोज दहा नंबर, पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसण्याने हे येत नाही. चुकलेले नंबर वहीत वेगळे ठेवा आणि शेजारी कारण लिहा: ओ सुटला, डबल एकदाच लिहिला, गट तुटला, उलटा लिहिला. दहा-बारा दिवसांत तुमचं एकच कारण पुन्हा पुन्हा दिसायला लागेल. मग बाकी सगळं सोडून तेवढ्याच पायरीवर काम करा.

लिसनिंगच्या शेवटी, परीक्षा कागदावर असेल तर उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर असेल तर तपासायला २ मिनिटं. त्या वेळात नंबराचं एकच काम करायचं: आकडे मोजायचे. संवाद ब्रिटनमधला, नंबर ०७ ने सुरू होतोय आणि दहाच आकडे आहेत, तर बहुतेक शून्य किंवा डबल सुटलाय. कुठे, ते आठवतंय का बघा. नाही आठवलं तर आहे तसं ठेवा.

आता हे चार नंबर भावाला, मैत्रिणीला, कुणालाही एकदाच वाचायला लावा. स्वल्पविरामाला अर्धा सेकंद थांबायचं, शेवटच्या गटाला आवाज खाली आणायचा. चारही नंबर नाटक-सिनेमांसाठी राखलेल्यांतले आहेत.

ओ डबल सेव्हन डबल ओ, नाईन डबल ओ, ओ फोर डबल वन. नाही, सॉरी, ओ फोर वन.

ओ टू ओ, सेव्हन नाईन फोर सिक्स, ओ एट डबल वन.

ओ फोर नाईन वन, फाईव्ह सेव्हन ओ, वन फाईव्ह सिक्स.

फोर वन सिक्स, फाईव्ह फाईव्ह फाईव्ह, झिरो वन, फोर्टी-सेव्हन.

उत्तरं: ०७७०० ९०० ०४१, लंडनचा ०२० ७९४६ ०८११, ऑस्ट्रेलियाचा ०४९१ ५७० १५६, टोरांटोचा ४१६ ५५५ ०१४७. पहिल्यात दुरुस्ती लपलेली आहे आणि गटाच्या वेशीवरचे तीन शून्यही, म्हणून तो सगळ्यात अवघड. चौथ्यात ७४ लिहिलं असेल तर नलवत्तेळु म्हणून बघा आणि परत लिहा.